यूकॅट: गुण ज्ञानाचे नाहीत, घड्याळाचे

ब्रिटनमधल्या वैद्यकीय प्रवेशाच्या यूकॅट (युनिव्हर्सिटी क्लिनिकल ॲप्टिट्यूड टेस्ट) या परीक्षेत जीवशास्त्राचा किंवा रसायनशास्त्राचा एकही प्रश्न नसतो. 2006 साली यूकेकॅट म्हणून सुरू झालेली ही कल चाचणी 2019 पासून यूकॅट नावाने होते. 2023 नंतर बीमॅट ही दुसरी वैद्यकीय प्रवेश परीक्षा बंद झाली आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजही इकडे आले, त्यामुळे टाळून जायला फारशी जागा उरलेली नाही.

2025 पासून आकृत्यांचा विभाग काढला. बरंच झालं, त्यातले साचे घोकून गुण वाढवता येत होते. आता चार विभाग आहेत: उताऱ्यांचे 44 प्रश्न 22 मिनिटांत, निर्णयक्षमतेचे 35 प्रश्न 37 मिनिटांत, आकडेमोडीचे 36 प्रश्न 26 मिनिटांत आणि प्रसंगनिष्ठ निर्णयाचे (दिलेल्या प्रसंगात कसं वागणं योग्य, हे ठरवण्याचे) 69 प्रश्न 26 मिनिटांत. एका विभागात उरलेला वेळ पुढच्यात मिळत नाही, मागच्या विभागात परतही जाता येत नाही.

खरा घात उताऱ्यांत होतो. प्रश्नाला 30 सेकंद, आणि त्यातच वाचनही. पूर्ण उतारा वाचायला बसलात तर शेवटचे दोन-तीन उतारे उघडायचेच राहतात. आधी प्रश्न वाचा, त्यातलं नाव किंवा आकडा उताऱ्यात शोधा, तेवढीच दोन-तीन वाक्यं नीट वाचा. विधान खरं, खोटं की ‘सांगता येत नाही’ हे ठरवायच्या प्रश्नांत या शेवटच्या पर्यायावर हुशार मुलं जास्त फसतात, कारण बाहेरून माहीत असलेली गोष्ट ती उताऱ्यात आहे असं धरून चालतात. चुकीला उणे गुण नाहीत. म्हणून अडलेल्या प्रश्नाला अंदाजाने एक पर्याय द्या, खूण करा आणि पुढे व्हा. कोरं काहीच सोडू नका.

आकडेमोडीतलं गणित शाळकरी आहे: टक्केवारी, गुणोत्तर, वेग. छळतो तो पडद्यावरचा कॅल्क्युलेटर. माऊसने एकेक बटण दाबण्यात सेकंद उडतात. अंकांच्या कीपॅडवर हात बसवा. मोबाइलवर कितीही सराव केला तरी ही सवय लागत नाही. निर्णयक्षमतेत पाच विधानांना हो-नाही लावायचे प्रश्न 2 गुणांचे असतात आणि थोडं चुकलं तरी 1 मिळू शकतो, त्यामुळे ते सोडणं परवडत नाही.

पहिल्या तीन विभागांत प्रत्येकी 300 ते 900, म्हणजे एकूण 900 ते 2700 गुण. प्रसंगनिष्ठ विभागाला 1 ते 4 असे बँड, 1 सर्वांत चांगला. या विभागाने माणुसकी मोजली जाते, असा दावा आम्हाला पटत नाही. व्यावसायिक आचाराचे नियम किती माहीत आहेत, एवढंच त्यातून कळतं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांची नियामक संस्था असलेल्या जनरल मेडिकल काउन्सिलची मार्गदर्शक तत्त्वं एकदा वाचली की बरेच प्रश्न सुटतात. पण बँड 4 हलक्यात घेऊ नका, काही विद्यापीठं त्यावरच अर्ज बाजूला ठेवतात.

सोय म्हणाल तर निकाल लवकर हाती येतो आणि अर्जाची 15 ऑक्टोबरची मुदत त्यानंतर असते. बीमॅटच्या अखेरच्या वर्षांत आधी अर्ज आणि मग परीक्षा, असा जुगार होता. यूसीएएस या ब्रिटनमधल्या विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक अर्जव्यवस्थेत वैद्यकीयचे चारच अभ्यासक्रम निवडता येतात. कुठे गुणांवरून क्रम लावतात, कुठे किमान रेषा ओलांडली की पुरे, कुठे शालेय गुणांशी मिळवून बघतात. तेव्हा निकाल हाती आल्यावरच यादी पक्की करा.

महागडे शिकवणी वर्ग घेण्याआधी अधिकृत संकेतस्थळावरच्या फुकट सराव चाचण्या संपवा. पडदा आणि बटणं तिथे हुबेहूब असतात. पूर्ण वेळेच्या चाचण्या मात्र शेवटच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेवा. वर्षात परीक्षा एकदाच देता येते, गुणही त्याच फेरीपुरते चालतात.