जुनी पेट्रोल अर्टिगा: डिकीसाठी घेतली, घाटात पटली

मे महिन्यात एसी गरम हवा फेकू लागला. जळगावच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, "कंप्रेसर गया दादा, नवा टाकना पडी." आकडा ऐकला आणि गाडी तिथून काढली. भुसावळच्या मेकॅनिकने आधी दाब मोजायचं गेज लावलं, मग कंडेन्सर दाखवला, म्हणजे एसीचा गॅस गार करणारी पुढची जाळी. जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू गच्च बसलेले. कंडेन्सर तुंबला की दाब वाढतो आणि चांगला कंप्रेसरही आपोआप बंद होतो. धुतल्यावर एसी पुन्हा गार. पहिल्या माणसाचा राग अजून गेलेला नाही. पारा पंचेचाळीसच्या वर असताना घरात म्हातारी माणसं असलेल्याला असं घाबरवायचं?

गाडी 2019 ची, दीड लिटर पेट्रोल. इंजिनात टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, त्यामुळे बेल्ट बदलण्याचा खर्च नाही.

घेताना जो तो म्हणे सीएनजीची घे. मला डिकी हवी होती. तिन्ही रांगा उभ्या असताना 209 लिटर जागा, तीत सिलिंडर बसला तर उरतं काय? कानबाईच्या सणाला गावी जाताना माणसंही सगळी आणि सामानही सगळं. हिवाळ्यात मागची अर्धी सीट पाडली की भरिताच्या वांग्यांचं पोतं आणि आमची आई, दोघंही आरामात.

म्हणून बघायला गेलात की इंजिनाआधी डिकी उघडा. मॅट उचला. पत्र्याला ब्रॅकेटची भोकं, नवा रंग, कापलेल्या वायरी दिसल्या तर सीएनजी किट काढून गाडी "फक्त पेट्रोल" म्हणून विकताहेत. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, इंधनाचा रकाना वाचा. गॅसवर निष्काळजीपणे पळवलेल्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्या) लवकर झिजतात, आणि ते बाहेरून दिसत नाही. मी तीन गाड्या याच कारणाने सोडल्या.

पेट्रोलच्या बिलाने सुरुवातीला जीव जायचा. लिटरला शहरात तेरा किलोमीटर, हायवेला सतराच्या आसपास. पण सगळं घर भरून, एसी लावून सप्तशृंगीचा घाट चढलो आणि मत बदललं. याच इंजिनाची ताकद पेट्रोलवर 105 पीएस, सीएनजीवर 92. चढावर तो फरक पायाला कळतो.

टायरवरचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. आमच्याकडच्या उन्हात जुनं रबर तडकतं, नक्षी कितीही शिल्लक असो.

नवापूरपलीकडची सुरतची गाडी स्वस्त दिसते. तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणि इथला रोड टॅक्स धरून मगच भाव ठरवा. आणि आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 (बोजा उतरवायचा अर्ज) हातात पडेपर्यंत शेवटची रक्कम देऊ नका. मी दिली नाही; विकणारा दोन आठवडे रुसला, मग कागद घेऊन आला.