घटस्फोट: संमतीने की लढून?

नवरा मुंबईत चाकरमानी आणि बायको रत्नागिरीत, अशा जोडप्यापुढे हिंदू विवाह कायदा, 1955 चे दोन मार्ग असतात. कलम 13-ब नुसार परस्परसंमतीसाठी किमान 1 वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर 6 महिने थांबावे लागते; मात्र ही 6 महिन्यांची मुदत न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले. पोटगी व मुलांचा ताबा लेखी ठरत असेल, तर माझा कौल यालाच.

दुसरा मार्ग लढण्याचा: कलम 13 खाली क्रूरता किंवा 2 वर्षांचा परित्याग (जोडीदाराला सोडून जाणे) यांसारखे कारण पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते. पत्नीला राहत्या ठिकाणीच, म्हणजे रत्नागिरीत, अर्ज करता येतो (मुंबईच्या खेपा वाचणे लहान गोष्ट नव्हे), आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागताना स्त्रीला उत्पन्नाची अट नसते.