सायकॉलॉजी पीएचडीचा अर्ज: ४,४९० डॉलर गेले, ते कुठे कुठे गेले

आकडा आधी सांगते. ४,४९० डॉलर. अर्ज करून देणाऱ्या कन्सल्टन्सीच्या पॅकेजचे १,४५०, तेही ५००, ५०० आणि ४५० अशा तीन हप्त्यांत. बारा विद्यापीठांची अर्जाची फी म्हणून प्रत्येकी ९५ प्रमाणे १,१४०. जीआरई या प्रवेशपरीक्षेचे स्कोअर पाठवायचे म्हणून ४००. आणि शेवटी ‘सीट कन्फर्मेशन डिपॉझिट’ या नावाखाली १,५००. सगळे कार्डावरून दिले, सगळ्याच्या पावत्या आहेत, आणि एक डॉलरही परत आलेला नाही.

अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएचडीला जे अर्ज करणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. कन्सल्टन्सीवाले कसे फसवतात ते साधारण सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं. बोगस विद्यापीठ, व्हिसाची हमी असल्या गोष्टी मी तपासल्या होत्या. इथे विद्यापीठं खरी होती, विभाग खरे होते, यादीतल्या प्राध्यापकांचे पेपर मी स्वतः वाचलेले होते. म्हणून मला मूर्ख म्हणायच्या आधी पुढचं वाचा.

सगळ्याची सुरुवात एका ईमेलपासून झाली. प्रत्येक विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलच्या पोर्टलवर ईमेल देऊन खातं उघडावं लागतं. कन्सल्टन्सीचा सल्लागार म्हणाला, बारा ठिकाणचे मेल तुमच्या रोजच्या इनबॉक्समध्ये हरवतील, आपण फक्त अर्जांसाठी वेगळा आयडी काढू. काढला त्याने, पासवर्डही त्याच्याकडेच राहिला. त्यामुळे फी जमा झाल्याची पोच, ‘अर्ज अपूर्ण आहे’ अशी स्मरणपत्रं, निकाल, सगळं त्याच्याकडे जात होतं. माझ्याकडे यायचे ते फक्त स्क्रीनशॉट. बारापैकी तीनच अर्ज खरोखर सबमिट झाले होते. उरलेले नऊ शेवटपर्यंत अर्धवट पडून होते आणि त्यांच्या फीचे ८५५ डॉलर त्याच्या खिशात गेले. खातं स्वतःच्या मेलवर, स्वतःच्या हाताने उघडा. फी पोर्टलवरच भरा, माणसाच्या खात्यात कधीच नाही. आणि सगळीकडे सारखीच फी सांगितली तर तिथेच थांबा, कारण प्रत्येक विद्यापीठाची फी वेगळी असते.

जीआरईचे ४०० तर निव्वळ लूट होती. परीक्षेच्या दिवशी चार ठिकाणी स्कोअर फुकट पाठवता येतात, त्यापुढचे परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या साइटवरच्या स्वतःच्या खात्यातून आपणच पाठवायचे असतात. त्यात मधला माणूस लागतच नाही. शिवाय कित्येक क्लिनिकल प्रोग्रॅम आता जीआरई मागतच नाहीत. माझ्या यादीतल्या पाच विभागांच्या पानावर तसं स्पष्ट लिहिलं होतं.

आता ती शिफारसपत्रांची गोष्ट. यावर मी अजून रात्री जागी असते.

पद्धत अशी आहे. पोर्टलवर आपण तीन प्राध्यापकांची नावं आणि त्यांचे ईमेल भरतो. पत्र बघण्याचा आपला हक्क सोडतोय यावर टिक करतो. मग पोर्टल थेट प्राध्यापकांना लिंक पाठवतं आणि पत्र तेच चढवतात. आपल्या पानावर फक्त पत्र आल्याची तारीख आणि वेळ दिसते. क्लिनिकलच्या बहुतेक डेडलाइन १ डिसेंबरच्या आसपास असतात. २९ नोव्हेंबरला मला स्क्रीनशॉट आला, तिन्ही पत्रं ‘रिसीव्ह्ड’. वेळा होत्या रात्री ९:४०, ९:४७ आणि ९:५४. तीन वेगळ्या ठिकाणची, वेगळ्या सवयींची माणसं. त्यांतल्या एका सरांना साध्या सहीसाठी तीनदा आठवण करावी लागते. त्या तिघांनी एकाच रात्री चौदा मिनिटांत पत्रं चढवली? मी तो स्क्रीनशॉट बघितला आणि मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. ३ डिसेंबरला सरांचा मेल आला: ‘अगं, लिंक कधी येणार? माझं पत्र तयार आहे.’ अजून काय हवं होतं कळायला?

मी तो मेल सल्लागाराला पाठवला. तो म्हणाला, यंदा पत्रं सेंट्रल सर्व्हिसमधून गेली, सरांना आता त्रास देऊ नका. मी विश्वास ठेवला, कारण इंटरफोलिओसारख्या सेवा खरोखर आहेत. तिथे पत्र एकदा ठेवलं की अनेक ठिकाणी पाठवता येतं. पण तिथेसुद्धा पत्र प्राध्यापकालाच चढवावं लागतं, हे मला माहीत होतं. माहीत असून मी सरांना फोन केला नाही. पाच मिनिटांचा फोन होता. सल्लागाराने माझ्या तिन्ही प्राध्यापकांच्या नावाने खोटे मेल आयडी काढले होते आणि पत्रं स्वतः लिहिली होती. अर्जाच्या शेवटी ‘यातली सर्व माहिती खरी आहे’ या ओळीखाली नाव मात्र माझं.

एसओपीचंही, म्हणजे काय आणि का शिकायचंय ते सांगणाऱ्या निबंधाचंही, तसंच. क्लिनिकल पीएचडीत बहुतेक ठिकाणी विद्यार्थी एका विशिष्ट प्राध्यापकाच्या लॅबमध्ये घेतले जातात. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विभागाच्या पानावर बघायचं, पुढच्या वर्षी कोण नवा विद्यार्थी घेणार आहे, आणि शंका असेल तर त्या प्राध्यापकाला चार ओळींचा मेल टाकायचा. माझ्या एका अर्जात ज्यांचं नाव होतं त्या बाईंनी ‘या वर्षी विद्यार्थी घेणार नाही’ असं स्वतःच्या लॅबच्या पानावर ठळक लिहिलेलं होतं. मूळ एसओपी माझंच होतं, प्राध्यापकांच्या नावाचा परिच्छेद त्याने बदलला होता. अंतिम प्रत पोर्टलवरून डाउनलोड करून वाचा. वर्डची फाइल बघून समाधान मानू नका.

फेब्रुवारीत ‘ॲडमिट’, म्हणजे प्रवेश मिळाल्याचं पत्र, आलं. मुलाखत झालीच नव्हती. शेकडो अर्जांतून जेमतेम पाच-दहा जण घेणारे हे प्रोग्रॅम, मुलाखतीशिवाय घेतील कसे? जानेवारी-फेब्रुवारीत या मुलाखती होतात, संभाव्य गाइड बोलतात, लॅबमधले विद्यार्थी बोलतात. सल्लागार म्हणाला, तुमची प्रोफाइल इतकी भक्कम आहे की मुलाखत माफ झाली. दोन वर्षं लॅबमध्ये फुकट राबलेल्या माणसाला हे ऐकायचंच असतं. पत्रात ‘फुल फंडिंग’ असं लिहिलं होतं, पण स्टायपेंड किती, नऊ महिन्यांचा की बारा, असिस्टंटशिपचे आठवड्याचे तास किती, ट्यूशन माफ की नाही, यातलं अक्षरही नव्हतं. खऱ्या पत्रात हे सगळं असतं. मेलचा पत्ता डॉट ईडीयूचा नव्हता. आणि ‘एपीए मान्यताप्राप्त क्लिनिकल पीएचडी’ ज्या विभागाची म्हणून लिहिली होती तिथे क्लिनिकलचा प्रोग्रॅमच नाही, कॉग्निटिव्ह आणि सोशल आहेत. एपीएची, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, मान्यता विद्यापीठाला नसते, प्रोग्रॅमला असते, आणि डॉक्टरेटमध्ये ती क्लिनिकल, काउन्सेलिंग आणि स्कूल सायकॉलॉजीसारख्या शाखांनाच मिळते. एपीएची यादी उघडी आहे, शोधायला दोन मिनिटं लागतात. मान्यता असलेल्या प्रोग्रॅमला खर्च किती, मधेच सोडून किती गेले असे आकडे आपल्या पानावर द्यावेच लागतात. ते पान सापडलं नाही तर पुढे जाऊ नका.

२० फेब्रुवारीला डिपॉझिट मागितलं, मुदत ४८ तास. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा १५ एप्रिलचा ठराव आहे. त्यावर सही केलेली विद्यापीठं फंडिंगसह आलेल्या ऑफरला १५ एप्रिलच्या आत उत्तर द्यायची सक्ती करत नाहीत. सह्या केलेल्यांची यादी जाहीर आहे आणि त्यात हे विद्यापीठ होतं. मी ती यादी पैसे भरल्यानंतर उघडली. तो पुढे आणखी ३५० डॉलर सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीच्या फीचे मागत होता. एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची ती फी तेवढीच आहे, पण विद्यापीठाकडून येणारा आय-२० फॉर्म हातात आल्याशिवाय आणि त्यावरचा सेव्हिस नंबर असल्याशिवाय ती भरताच येत नाही. तिथे मी विद्यापीठाला मेल केला आणि सगळं बाहेर आलं.

त्यानंतरचा छळ वेगळाच. बँकेत सांगितलं की ओटीपी तुम्हीच दिलात, म्हणजे व्यवहार तुमच्या मर्जीने झाला. मी म्हटलं, मर्जी खोटं सांगून मिळवली होती. त्यावर उत्तर एकच, वाद कंपनीशी मिटवा. कंपनीचा फोन बंद आहे हे मी चार वेळा लिहून दिलं. पोलिसांकडे गेले तर पहिल्या दिवशी ‘हा दिवाणी मामला आहे’. दुसऱ्या दिवशी सायबरकडे जा. सायबरवाल्यांनी विचारलं, सेवा दिली होती ना थोडीफार? तीन अर्ज तर गेलेत. म्हणजे नऊ अर्जांची फी खाल्ली, तीन माणसांच्या नावाने खोटी पत्रं लिहिली, त्याला सेवा म्हणायचं? व्हॉट्सॲपच्या १४६ पानांच्या प्रिंट मी तीनदा काढल्या, कारण आधी रंगीत नव्हत्या, मग प्रत्येक पानावर सही नव्हती, मग साहेब बदलले. त्याच्या वेबसाइटवर ज्या संघटनेचा शिक्का होता तिला लिहिलं. ते म्हणाले, तो आमचा सभासद नाही, त्यामुळे तक्रार घेता येत नाही. शिक्का काढायला तरी सांगा म्हटलं, त्याला उत्तर नाही. तो शिक्का आजही तिथे आहे. ग्रॅज्युएट स्कूलने कळवलं की अर्जावरचा ईमेल तुमचा नाही, त्यामुळे अर्जाची माहिती तुम्हाला देता येत नाही. माझं नाव, माझा जन्मदिनांक, माझे मार्क, आणि माहिती मला नाही!

कोणाचं असं झालं असेल तर पैशाच्या मागे धावण्याआधी एक करा. अर्ज जिथे खरोखर गेलेत त्या विभागांना स्वतःहून लिहा, पासपोर्टची प्रत जोडा, पत्रं खोटी आहेत हे स्पष्ट सांगा आणि अर्ज मागे घ्या. खोटी पत्रं त्यांना आधी सापडली तर पुढच्या वर्षीचं दारही बंद होईल. प्राध्यापकांनाही त्याच दिवशी सांगा. मी सांगितलं तेव्हा सर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, तो माझ्या नावाचा मेल मला पाठव, मी स्वतः विद्यापीठाला लिहितो. दोन विभागांनी अर्ज रद्द केल्याचं कळवलं आहे. तिसऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही.