हिंजवडीतली मोठी आयटी कंपनी, 3 वर्षं काढल्यावर: 5 पैकी साडेतीन

पगार वेळेवर, कॅन्टीनचे पोहे ठीक, चहा मशीनचा म्हणून 4 वाजता अख्खी टीम गेटबाहेरच्या टपरीवर. कामाचं म्हणाल तर कोड कमी आणि परवानग्या जास्त, मी एकदा कॉन्फिगमधला (सेटिंगच्या फाइलमधला) टाइमआऊट, म्हणजे सिस्टीमने उत्तराची वाट किती वेळ बघायची तो आकडा, 30 चा 60 केला, एक ओळ हो फक्त, तर 2 रिव्ह्यू, सिक्युरिटीचं अप्रूव्हल, वर रिलीज फ्रीझ (नवे बदल सोडायला काही दिवस बंदी), प्रोडक्शनला, म्हणजे खऱ्या युझरपर्यंत, जायला 11 दिवस. ऑनकॉलला, म्हणजे सिस्टीम बिघडली तर धावायची पाळी आपली असताना, रात्री 3 ला फोन वाजतो, बायको म्हणते उचल नाहीतर खिडकीतून फेकते. पण लाखो युझरची सिस्टीम पडते कशी नि उभी कशी करतात हे छोट्या कंपनीत बघायला मिळत नाही. हिंजवडी आयटी पार्कच्या फेज 3 मधलं ऑफिस मिळालं तर वाकडलाच घर बघा, कोथरूडवरून रोज जमणार नाही.