नऊ फुटी जड रॉड: मासा बोटीला खेटून झडप घालतो तेव्हा

पाइक आणि मस्की हे शिकारी मासे अनेकदा आमिषाचा पाठलाग करत थेट बोटीपर्यंत येतात आणि आमिष पाण्याबाहेर निघण्याच्या बेतात असतानाच त्यावर झडप घालतात. हा क्षण साधण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ९ फुटी, ‘एक्स्ट्रा हेवी’ (अतिशय ताठ) कास्टिंग रॉडचे, म्हणजे आमिष दूर फेकून मासे पकडण्याच्या काठीचे, हे परीक्षण आहे. याच मापाचे रॉड अनेक कंपन्या बनवतात आणि पुढील कसोट्या त्या सर्वांना लावता येतात, म्हणून उत्पादकाचे नाव दिलेले नाही.

लांबीचा लाभ निर्विवाद आहे. बोटीजवळ आलेले आमिष लगेच वर न उचलता, रॉडचे टोक पाण्यात बुडवून ते इंग्रजी आठाच्या आकारात फिरवत राहावे लागते. मोठ्या माशाला आखूड जागेत वळता येत नाही, त्यामुळे वळणे जितकी रुंद तितका तो आमिषाच्या मागे टिकून राहतो. ७ फुटी रॉडने अशी वळणे घेण्यासाठी कठड्यावरून ओणवे व्हावे लागते. या रॉडने ताठ उभे राहूनही आमिष पुरेसे खोल नेता येते.

खरी परीक्षा झडप पडल्यावर सुरू होते. दूरवर लागलेल्या माशाचा हिसका लांब दोरीचा ताण आणि पाण्यातला तिचा झोल काही अंशी पचवतात, पण बोटीलगत जेमतेम हातभर दोरी बाहेर असते आणि विणलेली दोरी तर जवळपास ताणलीच जात नाही. सगळा धक्का रॉड, गाठ, गळ आणि माशाच्या जबड्यावर येतो. अशा वेळी हवी ती लवचीकता, आणि विक्रेते मात्र वेष्टनावर ताकदीचेच आकडे मिरवतात! या रॉडची जमेची बाजू अशी की त्याचा पुढचा भाग आधी वाकतो आणि जोर वाढेल तसा मधला भाग सावकाश काम करू लागतो, त्यामुळे जबडा फाटून गळ निसटण्याचा धोका कमी होतो. गळ रुतवण्यासाठी हिसका वर न देता आडवा, माशाच्या दिशेच्या उलट द्यावा लागतो, कारण वर ओढल्यास आमिष तोंडातून निघून येते किंवा माशाचे डोके पाण्याबाहेर येऊन तो गळांसकट डोके झटकतो. आडव्या हिसक्यात हा रॉड हाताशी सहज वळतो.

रीलची बैठकही विचारपूर्वक केलेली आहे. गळ रुतवण्यासाठी घट्ट ठेवलेला ड्रॅग (मासा ओढू लागल्यावर दोरीला अडवणारा रीलमधला ब्रेक) बोटीलगतच्या पहिल्या धावेला धोक्याचा ठरतो, म्हणून अनेक जण गळ रुतताच स्पूल (दोरी गुंडाळलेली फिरकी) मोकळा करून अंगठ्याच्या दाबाने दोरी सोडतात. येथे अंगठा पकड न बदलता स्पूलवर पोहोचतो. दाब मात्र क्षणभरही सुटता कामा नये, नाहीतर स्पूल दोरीपेक्षा वेगाने फिरून गुंता होतो.

उणिवा मूठ आणि जाळे यांच्या बाबतीत जाणवतात. मागची मूठ गरजेपेक्षा लांब असल्याने वळण घेताना ती लाइफ जॅकेटमध्ये अडकते, आणि ते नेमके मासा मागे असतानाच घडते. एकट्याने जाळे लावणे तर फारच अवघड आहे. एवढा लांब रॉड माशाला बोटीपासून दूरच ठेवतो, आणि त्याला जवळ आणण्यासाठी रॉड डोक्यावर उभा धरल्यास टोकाजवळ तीव्र वाक येऊन तो मोडू शकतो. दोरी साधारण रॉडच्या लांबीइतकी सोडून एक पाऊल मागे सरकणे आणि जाळे दुसऱ्याच्या हाती देणे हाच सुरक्षित मार्ग आहे. मासा रबरी आवरणाच्या मोठ्या जाळ्यात, पाण्यातच ठेवून लांब पकडीने गळ काढावा. खोल रुतलेला गळ कटरने तोडलेला बरा.

दोघांनी वापरायच्या, उंच कठड्याच्या बोटीसाठी हा रॉड निःशंकपणे घ्यावा. एकट्याने, पाण्यालगत बसणाऱ्या छोट्या बोटीतून गळ टाकणाऱ्यांनी मात्र याच बांधणीचा साडेआठ फुटी, आखूड मुठीचा रॉड शोधावा.