मेंढा कुठला घ्यावा: माडग्याळ की नारी सुवर्णा?

श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठात डिसेंबर 2024 मध्ये मायोस्टॅटिन जनुकात फेरफार केलेलं कोकरू जन्मलं. हे जनुक स्नायूंच्या वाढीला लगाम घालतं. लगाम सुटला की मांस 30 टक्क्यांच्या आसपास वाढेल, असं शास्त्रज्ञ सांगतात. तेव्हापासून ‘मेंढा घ्यायला जरा थांबावं का?’ असं विचारणारे बरेच भेटतात. माझ्या मते थांबू नये. 2022 मध्ये केंद्राने जनुक संपादनाचे (म्हणजे अशा फेरफाराचे) नियम सैल केले ते वनस्पतींसाठी, जनावरांसाठी नाही. शिवाय याच जनुकात मूळचाच बिघाड असलेल्या बेल्जियन ब्लू गायी बहुतेक सिझेरियननेच वितात. रात्री रानात मेंढी अडली, तर डॉक्टर कुठून आणायचा?

मग उरतं एवढंच: कोकरू मोठं हवं, की कोकरं जास्त हवीत? मोठं हवं तर माडग्याळ जातीचा मेंढा, जास्त हवीत तर नारी सुवर्णा जातीचा.

माडग्याळचा गुण पहिल्याच वेताला दिसतो, हे कबूल. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने काढलेल्या सुवर्णाचं तसं नाही. सुंदरबनच्या गॅरोल मेंढीकडून आलेलं जुळ्यांचं जनुक मेंढा लेकींना देतो, आणि त्या व्यायल्या की मग कळतं. तोवर पाहुणेरावळे ‘जुळी कुठं हायत?’ म्हणून पिडतात. जुळी झाली तरी एखादं बारकं निघतं. त्याला धरून आचळाला लावायचं, दूध पुरलं नाही तर बाटली. रोज मुक्काम हलवणाऱ्याला हा ताप परवडणार नाही बहुतेक. आमची मेंढरं बंदिस्त, म्हणून निभतं.

तरी मी सुवर्णाच घेतला, तो माडग्याळच्या नाकापायी. मेंढा बघायला जावं, तर मालक आधी त्याचं तोंड धरून एका अंगाने दाखवणार: पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक. भाव त्या नाकाचा. आटपाडीकडच्या एका मेंढ्याला 2020 मध्ये 70 लाखांना मागितल्याची बातमी आठवत असेल. मी आपला विचारतोय, याची पिल्लं सहा महिन्यांत किती किलो भरतात? तर म्हणे, “नाक तर बघा!” खाटीक नाकाचे वेगळे पैसे देत नाही हो.

सुवर्णाच्या मेंढ्याचं रक्त तपासता येतं. जनुकाच्या दोन्ही प्रती असतील, तर प्रत्येक लेकीत एक उतरणारच. हौस आणि चारा दोन्ही असेल, तर माडग्याळला मी वाईट म्हणणार नाही. सुवर्णा घेणार असाल, तर दोन प्रतींचा रिपोर्ट मागून घ्या, आणि दूध पाजायच्या बाटल्या आधीच आणून ठेवा.