पावडर, गोळी की जेल? सांगलीचं बोअर आणि साताऱ्याचं कास

दिवाळीआधी आमच्याकडे सांगलीत विश्रामबागला डिशवॉशर आला आणि पंधरा दिवसांत साताऱ्याला वन्संच्या घरीही. मशीन एकाच कंपनीचं, मॉडेल तेच, डिटर्जंटच्या गोळ्यांचे डबेही दोघींनी एकत्रच मागवले. महिनाभरात माझे काचेचे ग्लास ताकात बुडवून काढल्यासारखे पांढुरके दिसायला लागले. वन्संचे मात्र लखलखीत. त्या फोनवर म्हणाल्या, "अगं, तू भांडी दाटीवाटीनं लावत असशील." तसं काही नव्हतं. भांडी दोघींची सारखीच लागत होती, नळातून येणारं पाणी तेवढं वेगळं होतं.

तेव्हापासून कुणी विचारलं, कुठलं डिटर्जंट घेऊ, की मी आधी विचारते, पाणी कुठलं आहे?

वन्संच्या भागात कासच्या तलावाचं पाणी येतं. पठारावर साठलेलं पावसाचं पाणी, खाली जांभा दगड, त्यामुळे त्यात चुना अगदी कमी. आमच्या अपार्टमेंटमध्ये महापालिकेचं पाणी स्वयंपाकाला आणि प्यायला, बाकी सगळ्याला बोअर. डिशवॉशरची नळी अर्थातच बोअरच्या लाइनला जोडलेली. बोअरचं पाणी खडकातून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा, म्हणजे याच क्षारांचं प्रमाण, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतो. पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या ऑनलाइन मिळतात. मी एक बोअरच्या पाण्यात बुडवली, तर तिचा रंग डबीवरच्या शेवटच्या, सगळ्यात जड पाण्याच्या चौकोनाशी जुळला. एक सांगून ठेवते, आरओवाला जो टीडीएस मीटर लावून दाखवतो, त्यानं हे कळत नाही. तो पाण्यात विरघळलेलं सगळंच एकत्र मोजतो. त्यातला चुना किती, हे वेगळं तपासावं लागतं.

ग्लासावरचा पांढरेपणा क्षारांचा की काच खराब झाल्याचा, हे ओळखायला लिंबाची एक फोड पुरते. ग्लासाच्या अर्ध्या भागावर चोळायची, दोन मिनिटं थांबायचं आणि धुवायचं. तेवढा भाग स्वच्छ झाला तर क्षार. माझ्या ग्लासावर लिंबू फिरलेल्या जागी आरपार दिसायला लागलं आणि जीव भांड्यात पडला. लिंबानं काहीच फरक पडला नाही, तर समजायचं की काचच झिजली. ती परत कधीच पहिल्यासारखी होत नाही.

मशीन बसवायला आलेल्या माणसानं मला सांगितलं होतं, "मॅडम, गोळीत सगळं असतं, मिठाची गरज नाही." मी विश्वास ठेवला. पुढे मशीनबरोबर आलेलं पुस्तक उघडून वाचलं तेव्हा कळलं, हे एका मर्यादेपर्यंतच खरं आहे. कठीणपणा 21 जर्मन अंशांपर्यंत, म्हणजे लिटरला साधारण 375 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर सगळं एकात असलेली गोळी मिठाशिवाय चालते. त्यापुढे मीठ घालावंच लागतं. आमचं पाणी त्यापुढचं.

हे मीठ भांड्यांना लागत नाही. मशीनच्या तळाशी पाणी मऊ करणारा एक भाग असतो. त्यातले राळेचे बारीक मणी पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं ते धुऊन परत तयार केले जातात. म्हणून डिशवॉशरचंच जाड, शुद्ध मीठ घ्यायचं. घरातल्या बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात, आणि बाजारातल्या खड्याच्या मिठात स्वतःचंच मॅग्नेशियम असतं. जे काढायचंय तेच वरून ओतण्यात काय अर्थ? मीठ भरताना थोडं बाहेर सांडतंच. म्हणून भरल्या भरल्या लगेच एक फेरी लावायची, नाहीतर त्या जागी स्टील गंजतं. आणि मिठाच्या तोंडात चुकून डिटर्जंट पडू देऊ नका, पाणी मऊ करणारा तो भाग कायमचा बाद होतो. मीठ घालून, पाण्याच्या कठीणपणाचं सेटिंग वर नेऊन चार-पाच फेऱ्या झाल्यावर माझे ग्लास सुधारले. गोळ्या तेव्हाही त्याच होत्या.

आता डिटर्जंटकडे येते. चांगल्या डिशवॉशर डिटर्जंटमध्ये तीन कामकरी असतात. पहिला सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट वगैरे, तो तेलतूप सोडवतो. दुसरे एन्झाइम. प्रोटीज दुधाची साय, अंडं, डाळीचा थर तोडतं आणि अमायलेज भाताची पेज आणि कणकेचा चिकटा. तिसरा ऑक्सिजन ब्लीच, पाकिटावर सोडियम परकार्बोनेट असं लिहिलेलं असतं. चहाचे आणि हळदीचे डाग तो काढतो. पाकीट हातात घेतलं की मी सुगंध आणि चमचमती चित्रं सोडून ही तीन नावं शोधते.

हळदीचं मुद्दाम सांगायला हवं, कारण आपण हळदीच्या गावचे. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत ती साठवली जायची, आणि आपल्या आमटीत ती सढळ हातानं पडते. एकदा पावडर कप्प्यात घालताना अर्धा चमचा खालच्या रॅकमधल्या ओल्या ताटलीवर सांडली. ताटलीत आमटीचा पिवळा ओघळ होता. पावडर पडली तिथे तो बघता बघता लालभडक झाला. सासूबाई मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, हे तर कुंकू झालं!" अगदी खरं होतं ते. हळदीला चुना लावला की कुंकवाचा लाल रंग येतो, तसाच सोड्यानंही येतो. याचा अर्थ असा की नुसत्या सोड्यानं हळद जात नाही, ती फक्त रंग बदलते. तिला घालवायला ब्लीच लागतं, आणि ब्लीचला गरम पाणी.

जेलमध्ये मी हेच शोधलं आणि मला ते सापडलं नाही. पातळ डिटर्जंटमध्ये ब्लीच आणि एन्झाइम बाटलीत शेजारी शेजारी टिकत नाहीत, ब्लीच एन्झाइमला खाऊन टाकतं. म्हणून बहुतेक जेलमध्ये एन्झाइम ठेवतात आणि ब्लीच गाळतात. जेल चटकन विरघळतं, अर्ध्या तासाच्या छोट्या फेरीला बरं पडतं आणि काचेलाही सौम्य असतं. पण मी एक बाटली संपवली तेवढ्या दिवसांत चहाच्या कपांच्या आत तपकिरी वळी राहायला लागली आणि पांढऱ्या ताटल्यांच्या कडा फिकट पिवळ्या दिसायला लागल्या. आपल्या स्वयंपाकाला जेल नको, हे माझं स्पष्ट मत. सकाळी नुसते पोहे, दूध आणि फळं एवढंच ज्यांच्या घरी होतं, त्यांनी हवं तर विचार करावा.

राहिल्या पावडर आणि गोळी. तीनही कामकरी दोन्हींत असतात, त्यामुळे ताकदीत फार फरक नाही. फरक वापरण्यात आहे.

गोळीचं सुख म्हणजे मोजमाप नाही. कोरड्या हातानं एक उचलायची, कोरड्या कप्प्यात ठेवायची, झाकण लावायचं. ओला हात लागला की वरचं पातळ आवरण चिकट होतं आणि सगळ्या गोळ्या एकमेकींना धरून बसतात. पण गोळीचा डोस ठरलेला. दोन माणसांची चार ताटं असोत नाहीतर पाहुण्यांनंतरची कढई, कुकर, पातेली असोत, एकच गोळी. आवरण असलेली गोळी अर्धी तोडताही येत नाही. छोट्या फेरीत ती पूर्ण विरघळत नाही. एकदा तर मी खालच्या रॅकमध्ये मोठं ताट कप्प्यासमोर उभं केलं होतं. झाकण उघडायला जागाच मिळाली नाही. फेरी संपल्यावर दार उघडलं तर भांडी गरम आणि तेलकट, गोळी आत ओलसर लगदा होऊन बसलेली. हे पावडरीचंही होऊ शकतं, म्हणून कप्प्यासमोर उंच ताट कधीच नको.

पावडर मात्र आपल्या हातात राहते. नेहमीच्या लोडला साधारण 20 ग्रॅम, तेलकट लोडला 25-30. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदा मोजून कुठला चमचा किती भरतो ते बघून ठेवायचं, मग रोज मोजावं लागत नाही. शिवाय एक गोष्ट जी गोळीला जमत नाही. मशीन आधी थोडं पाणी मारून वरवरचं काढून टाकतं, आणि तेव्हा डिटर्जंटचा कप्पा बंद असतो. तो मुख्य धुण्याच्या वेळीच उघडतो. भज्यांच्या दिवशी किंवा मटणाच्या रविवारी मी एक चमचा पावडर दाराच्या आतल्या बाजूला नुसती टाकते. मग त्या पहिल्या पाण्यातच तेल सुटतं आणि मुख्य धुण्याला तुपकट पाण्यातच फिरावं लागत नाही. कढईच्या कानांखालचा चिकटपणा या एका चमच्यानं गेला.

पैशांचं गणित सोपं आहे. किलोच्या पुड्यात 20 ग्रॅमनं 50 फेऱ्या होतात, 25 ग्रॅमनं 40. गोळ्यांच्या डब्यावर गोळ्यांची संख्या लिहिलेलीच असते. किमतीला त्यानं भागा आणि दर फेरीचा आकडा शेजारी शेजारी लिहा. मी केलं तेव्हा पावडर स्वस्त पडली. तुम्ही घ्याल त्या दिवशीच्या ऑफरवर पुन्हा करून बघा, पण भागाकार केल्याशिवाय मोठ्या डब्याच्या मोहात पडू नका. पावडरीच्या हिशोबात मीठ आणि रिन्स एडही धरायला हवं. रिन्स एड म्हणजे शेवटच्या पाण्यात मशीन सोडतं ते पातळ द्रव. त्यानं भांड्यावर पाण्याचे थेंब न थांबता ते पसरून ओघळून जातं, म्हणून डाग पडत नाहीत आणि वाळतंही लवकर.

मग वन्संनीही पावडर घ्यावी का? त्यांनी घेतली होती. मी कौतुक केलं म्हणून माझ्याच तेलकट लोडच्या मापानं, 30 ग्रॅम, तेही रोज 65 अंशांवर. दीड-दोन महिन्यांत त्यांचा फोन, आता ग्लास त्यांचे धुरकट. लिंबू लावून बघितलं, काही फरक नाही. पाणी मऊ, डिटर्जंट जास्त, उष्णता जास्त, हे तिन्ही एकत्र आलं की काच झिजते. माप मी सांगितलं होतं, आणि त्यांच्या पाण्याचा विचार न करता सांगितलं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं. त्या सहा ग्लासांत त्यांच्या आईंच्या वेळचे दोन होते. आता त्या 15 ग्रॅम घालतात, काच असेल तर 50 अंशांचा कार्यक्रम लावतात आणि मिठाचं सेटिंग शून्यावर आहे. गुडघे धरल्यामुळे वाकून पावडर मोजणं ज्या दिवशी नको वाटतं, त्या दिवसासाठी गोळ्यांचा छोटा डबाही ठेवलाय. मला हे पटतं. घरात वयस्कर माणूस एकटं मशीन लावत असेल आणि पाणी मऊ असेल तर मीही गोळीच सुचवेन.

परदेशातले जुने सल्ले वाचताना मात्र जपून. पूर्वी डिटर्जंटमध्ये फॉस्फेट असायचं, ते जड पाण्याला छान आवरायचं. पण तेच नदीत गेलं की शेवाळ आणि जलपर्णी वाढवतं. युरोपात 1 जानेवारी 2017 पासून घरगुती डिशवॉशर डिटर्जंटमधलं फॉस्फेट जवळजवळ बंदच केलंय. कृष्णेच्या पात्रावर उन्हाळ्यात पसरलेली जलपर्णी ज्यानं बघितली आहे त्याला याचं कारण वेगळं सांगायला नको. फॉस्फेट नसलेलं घ्या, आणि पाण्याचा जडपणा मिठाकडे सोपवा.

घरी खाण्याचा सोडा, लिंबाचं फूल आणि मीठ एकत्र करून पावडर बनवायच्या कृती फिरत असतात. सोडा आणि लिंबाचं फूल एकमेकांना मारून टाकतात, एन्झाइम नाहीत, ब्लीच नाही. नका करू. हातानं भांडी घासायचं लिक्विड तर थेंबभरही नको, फेस दारातून बाहेर येतो आणि मशीन मध्येच थांबतं. भांडी आधी विसळत बसायचीही गरज नाही, खरकटं काढलं की पुरे.

डिटर्जंट कितीही चांगलं असलं तरी पितळ, तांबं, कल्हईची भांडी, बिडाचा तवा, पोळपाट-लाटणं आत जात नाही. साध्या ॲल्युमिनियमची पातेली सोड्यानं काळी पडतात. कुकर त्यातलाच असेल तर तो बाहेरच, स्टीलचा असेल तर शिट्टी आणि रिंग काढून.

पावसाळ्यात पावडरीचा पुडा उघडा राहिला तर आठवड्यात दगड होतो. मी तो घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिंकपासून लांब, वरच्या फळीवर ठेवते, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहिलंय, कारण दिसायला ती पिठीसाखरेसारखी आणि घरात लहान मूल आहे. आणि मुलाच्या डब्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणावरची हळद पावडरीनंही पूर्ण जात नाही. ते झाकण मी धुऊन गच्चीत उन्हात ठेवते. संध्याकाळपर्यंत पिवळेपणा उतरलेला असतो.